ओळख आणि संधि : उपनगरांतील तरुणांच्या वाटेचा विचार

दहावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न निघतो : "पुढें काय ?" कांहीं घरांत या प्रश्नाचें उत्तर तयार असतें. काका इंजिनियर असतात, मावशी रुग्णालयांत परिचारिका असते, शेजारचा मोठा मुलगा नुकताच पॉलिटेक्निकांतून बाहेर पडलेला असतो. त्यांपैकीं कोणी अर्जाची तारीख सांगतें, कोणी फीचा आंकडा सांगतें, कोणी बरोबर येऊन संस्था दाखवितें. दुसऱ्या कांहीं घरांत हाच प्रश्न आठ-आठ दिवस तसाच पडून राहतो, कारण त्या घरांतील कोणीहि पूर्वीं दहावीपुढें गेलेलें नसतें. दोन्ही घरांतील मुलें एकाच बांकावर बसलेलीं, एकाच गुरुजींच्या हाताखालीं शिकलेलीं, व कित्येकदां गुणहि सारखेच मिळविलेलीं असतात. तरी पांच वर्षांनीं पाहावें तों एक पुष्कळ पुढें गेलेलें व दुसरें मिळेल त्या कामाला लागलेलें दिसतें. हा फरक कोठून येतो व तो कमी कसा करतां येईल, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वार्ता, वाट व विश्वास

लोक म्हणतात कीं, बुद्धि, मेहनत व नशीब या तिहींवर माणसाचें पुढें येणें अवलंबून असतें. बुद्धि व मेहनत यांविषयीं शाळेंत रोजच बोललें जातें. नशिबाची मात्र कोणी फोड करीत नाहीं. ती केली तर त्यांत तीन साध्या गोष्टी सांपडतात.

पहिली वार्ता. अमुक काम, अमुक शिक्षण किंवा अमुक शिष्यवृत्ति आहे हें वेळेवर कळलें पाहिजे. अर्जाची मुदत संपल्यावर कळलेली संधि ही संधि नव्हे. दुसरी वाट. जेथें संधि आहे तेथपर्यंत रोज जातां-येतां आलें पाहिजे व त्याचा खर्च झेपला पाहिजे. तिसरी विश्वास. समोर उभा असलेला तरुण कोण, त्याला काय येतें, याची काम देणाऱ्यास कांहीं तरी खात्री पटली पाहिजे. यांपैकीं वार्ता व विश्वास या दोन गोष्टी बहुधा ओळखीच्या माणसांकडून येतात. म्हणून ज्याच्या घरच्या ओळखी थोड्या, त्याच्या वांट्यास संधीहि थोडी, असा प्रकार होतो.

मुंबई उपनगर जिल्ह्यांत २०११ च्या शिरगणतीप्रमाणें ९३,५६,९६२ माणसें राहत होतीं. इतक्या माणसांच्या गर्दींत राहूनहि एखाद्या मुलास विचारावयास एक माणूस मिळूं नये, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

गांवकी, मुकादम व गिरणी

ओळखीचें बळ मुंबईस नवें नाहीं. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं येथें कापडगिरणीची पहिली कंपनी काढली, व पुढें गिरण्या वाढल्या तसे कोंकणांतून व घाटावरून तरुण लोक मुंबईस येऊं लागले. येणारा तरुण शहरांत एकटा पडत नसे. परळ-लालबागच्या चाळींत त्याच्या गांवच्या माणसांनीं वर्गणी काढून घेतलेली खोली असे. तेथें तो पथारी टाकी, खाणावळींत जेवी, आणि गांवचाच कोणी जुना माणूस त्यास गिरणीच्या दारापर्यंत नेई. दारांत मुकादम, म्हणजे ज्यास जॉबर म्हणत तो, कामगार घेई. बायकांच्या खात्यांत हें काम नाइकिणीकडे असे. वार्ता, वाट व विश्वास या तिन्ही गोष्टी गांवकीच्या एकाच धाग्यांतून मिळत.

या व्यवस्थेनें हजारों कुटुंबें तारलीं, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. परंतु तिला एक मर्यादाहि होती. ज्या धाग्यानें तरुण वर ओढला जाई, त्याच धाग्यानें तो एका जागीं बांधलाहि जाई. बाप गिरणींत, म्हणून मुलगाहि गिरणींत. दुसरें कांहीं असूं शकतें हें पाहण्याची गरजच भासत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यांत सुमारें अडीच लक्ष कामगार होते. कित्येक गिरण्या त्यानंतर पूर्वपदावर आल्याच नाहींत, आणि पिढ्यान् पिढ्या पक्की वाटलेली वाट एकाएकीं बंद पडली. शहरांतून उपनगरांत येऊन राहिलेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांच्या आठवणींत तो काळ अजून ताजा आहे.

या संबंधांत कैवन मुन्शी व मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनीं दादर भागांतील शाळांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००६ सालीं प्रसिद्ध केलेला निबंध लक्षांत घेण्यासारखा आहे. ज्या जातींतील पुरुषांस आपल्या माणसांच्या ओळखीनें कारखान्यांतील कामें मिळत आलीं होतीं, त्या जातींतील मुलगे १९९० नंतर नव्या प्रकारच्या नोकऱ्या निघाल्या तरी जुन्याच शाळांच्या वाटेनें जात राहिले. त्याच घरांतील मुलींना मात्र असा तयार धागा नव्हता. त्यामुळें त्या नव्या नोकऱ्यांस लागणाऱ्या इंग्रजी शिक्षणाकडे अधिक वेगानें वळल्या. यावरून मातृभाषेंतील शिक्षणास कमी लेखावें असें कोणी समजूं नये. शिकावयाचें तें इतकेंच कीं, तयार ओळख ही आधार देते तशी दृष्टीआड भिंतहि उभी करते. ज्यास ओळखी आहेत त्यानेंहि त्यांच्या पलीकडे पाहिलें पाहिजे, आणि ज्यास नाहींत त्यानें आपण कायमचे मागें पडलों असें मानूं नये.

आगगाडीनें जोडलेलीं गांवें

आतां वाटेविषयीं. आपलीं उपनगरें ही आगगाडीचीच निर्मिति म्हटली तरी चालेल. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही देशांतील पहिली प्रवासी गाडी धांवली. घाटकोपर व मुलुंड हीं त्याच मार्गावरील गांवें. पश्चिमेकडे १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून मुंबईस रोजची गाडी येऊं लागली, व तिच्या थांब्यांत बोरिवली व अंधेरी हीं नांवें होतीं. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. पुढें १९५० व १९५७ सालीं मुंबई महानगरपालिकेची हद्द वाढत वाढत दहिसर व मुलुंडपर्यंत आली. भातशेतीच्या गांवांचीं अशा रीतीनें शहरें झालीं.

मुलींच्या बाबतींत वाटेचा प्रश्न अधिक नाजूक असतो. ५ मे १९९२ रोजीं चर्चगेट व बोरिवली यांमध्यें केवळ स्त्रियांसाठीं एक स्वतंत्र गाडी सुरू झाली. जगांत अशी गाडी ही पहिलीच असें सांगतात. एका गाडीनें किती फरक पडणार, असें कोणी म्हणेल. पण ज्या घरांत "गर्दीच्या वेळीं मुलीला एवढ्या लांब कशी पाठवूं ?" या एका प्रश्नावर शिक्षण किंवा नोकरी अडून राहते, त्या घरास विचारावें म्हणजे तिचें मोल कळेल.

दोन्ही रेल्वेमार्ग उत्तर-दक्षिण धांवतात. त्यामुळें घाटकोपरहून अंधेरीस जाणें हें नकाशावर दिसतें तितकें सोपें कधींच नव्हतें. रस्त्यानें तासाहून अधिक वेळ सहज मोडे. ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा मेट्रोमार्ग सुरू झाला. त्याची लांबी सुमारें ११.४ किलोमीटर असून त्यावर बारा स्थानकें आहेत. आतां तें अंतर वीस-बावीस मिनिटांत कापतां येतें. घाटकोपरच्या टेकडीवरील वस्तींत राहणाऱ्या मुलास अंधेरीच्या औद्योगिक वसाहतींत काम शिकावयास जाणें शक्य व्हावें, ही एका रुळाची करामत आहे.

कामाचीं ठिकाणेंहि हललीं आहेत. मुलुंड, भांडुप व विक्रोळी येथें लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, म्हणजे जुन्या आग्रा रोडच्या, दुतर्फा एके काळीं कारखान्यांच्या रांगा होत्या. त्यांतील पुष्कळ बंद पडून त्या जागीं इमारती व बाजार उभे राहिले. अंधेरीस १९७३ सालीं सीप्झ हें निर्यातीचें क्षेत्र निघालें. तेथें इलेक्ट्रॉनिक वस्तु, जडजवाहीर व पुढें संगणकाचीं कामें आलीं. तेव्हां वडिलांची वाट मुलास जशीच्या तशी उपयोगी पडेल, असें आतां धरून चालतां येत नाहीं.

आफ्रिकेंतील दोन शहरें

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असें नाहीं. आफ्रिका खंडांतील शहरें सध्यां फार झपाट्यानें वाढत आहेत, आणि त्यांच्या कडेच्या वस्त्यांत राहणाऱ्या तरुणांपुढें आपल्याचसारख्या अडचणी आहेत. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा हिचें उदाहरण घ्या. तेथें नोकरीच्या जाहिराती शहराच्या मध्यभागीं फळ्यांवर लावीत असत. दूर राहणाऱ्या तरुणांस त्या वाचावयास जाण्याचेंहि बसभाडें परवडत नसे. कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं तेथें एक प्रयोग केला व त्याचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें निवडून कांहीं तरुणांस बसभाड्यासाठीं पैसे दिले. दुसऱ्या कांहींस अर्ज कसा लिहावा, मुलाखतींत कसें बोलावें हें शिकविलें, त्यांच्या कौशल्याची परीक्षा घेतली व तिचें प्रमाणपत्र त्यांच्या हातीं दिलें.

आरंभीं दोन्ही गटांतील तरुणांस नीट नोकऱ्या मिळण्याचें प्रमाण वाढलें. चार वर्षांनीं पाहतां बसभाड्याचा परिणाम ओसरला होता. परंतु ज्यांस आपलें कौशल्य दाखवितां येऊं लागलें होतें त्यांची मिळकत वाढलेली होती, व त्यांची नोकरीहि टिकून होती. याचा अर्थ असा कीं, अंतर ही अडचण खरी, पण अनोळखीपणा ही तिच्याहून मोठी अडचण आहे. गाडी आपणांस दारापर्यंत नेते. दार उघडावयास आपण कोण आहों व काय करूं शकतों हें समोरच्यास कळावें लागतें.

दुसरें शहर केनया देशांतील नैरोबी. तेथील माथारे या अत्यंत गरीब वस्तींत १९८७ सालीं मुलांसाठीं एक क्रीडासंस्था निघाली. तिनें फुटबॉलचे संघ बांधले आणि एक मोठा मौजेचा नियम केला : जो संघ आपल्या वस्तींतील घाण व गटारें साफ करील, त्यास सामन्यांच्या तक्त्यांत जादा गुण. खेळाच्या ओढीनें मुलें एकत्र आलीं, कामाच्या निमित्तानें वस्तीस त्यांची ओळख पटली, आणि जबाबदारीनें वागणाऱ्यांच्या शाळेची फीहि संस्था भरूं लागली. या संस्थेंतूनच निघालेल्या माथारे युनायटेड या संघानें २००८ सालीं त्या देशाची मुख्य स्पर्धा जिंकली. आपल्या उपनगरांतहि कबड्डीचे संघ, व्यायामशाळा व उत्सवमंडळें गल्लोगल्लीं आहेत. त्यांच्याजवळ तरुण आहेत, उत्साह आहे व वस्तीचा लोभहि आहे. त्यांनीं वर्षांतून एक दिवस जरी दहावी-बारावीच्या मुलांस वार्ता देण्याकडे लावला, तरी केवढें काम होईल !

ओळख निर्माण करणाऱ्या संस्था

ज्यास नातेवाइकांची ओळख नाहीं त्यास समाजानें ओळख द्यावी, हा विचार आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, व तिच्यातर्फें कामगारांसाठीं रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालविलीं. दिवसभर यंत्रावर उभें राहिलेल्या माणसास रात्रीं कंदिलापाशीं पुस्तक देणें, याहून मोठी संधि ती कोणती ! रात्रशाळांची ती परंपरा मुंबईंत टिकून आहे. २००८ पासून मासूम ही संस्था त्या शाळांस पुस्तकें, प्रयोगशाळा व विद्यार्थ्यांच्या खाण्याची सोय पुरविण्याचें काम करीत आली आहे.

वांद्र्याच्या पूर्वेस खेरवाडी आहे. बाळासाहेब खेर, जे पुढें मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, त्यांनीं १९२८ सालीं तेथें समाजकल्याणाची एक संस्था सुरू केली. तिच्यांतूनच १९९८ सालीं युवा परिवर्तन हें कार्य निघालें. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या मुलामुलींस थोड्या महिन्यांचें एखादें कसब शिकवावें, जसें विजेचें काम, शिवण किंवा रुग्णसेवा, व कामास लावून द्यावें, असें त्याचें स्वरूप आहे. नापास झालेल्या मुलास "तुला काय येत नाहीं" हें सांगणारे पुष्कळ भेटतात. "तुला काय येऊं शकेल" हें विचारणारा एक जरी भेटला तरी त्याचें आयुष्य वळण घेतें.

सरकारी मार्गहि आहेत. कारागिरीच्या शिक्षणाची योजना भारत सरकारनें १९५० सालीं सुरू केली. तिच्याखालील औद्योगिक प्रशिक्षण संस्था, ज्यांस आपण आय. टी. आय. म्हणतों, त्या मुलुंड, बोरिवली व अंधेरी येथें आहेत. तेथें फिटर, वायरमन, वेल्डर असे धंदे एक-दोन वर्षांत शिकवितात व परीक्षेनंतर देशभर चालणारें प्रमाणपत्र देतात. १९६१ च्या कायद्याप्रमाणें कारखान्यांत उमेदवारी करतांना विद्यावेतन मिळतें. पुढें शिकावयाचें असल्यास दोन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेशाची वाटहि आहे. दहावींत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठीं त्याच वर्षीं पुरवणी परीक्षा घेण्याची पद्धत २०१५ पासून सुरू झाली आहे. शाळा सुटलेल्यांस सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसतां येतें. हीं दारें उघडीं आहेत. पण तीं आहेत हेंच पुष्कळ घरांस ठाऊक नसतें.

ओळख व वशिला

येथें एक शंका कोणीहि विचारील. "ओळखीचें एवढें माहात्म्य सांगतां, तर मग वशिल्यास नांवें कां ठेवतां ?" शंका रास्त आहे, व तिचें उत्तर स्पष्ट दिलें पाहिजे. वशिला म्हणजे ज्याची योग्यता नाहीं त्यास योग्य माणसाच्या जागीं बसविणें. त्यांत कोणाचा तरी हक्क हिरावला जातो, आणि ज्याच्या पाठीशीं कोणी नाहीं त्याचाच तो बहुधा असतो. ओळख म्हणजे योग्य माणसास जागेची वार्ता देणें, व जागा देणाऱ्यास माणसाची खरी माहिती देणें. वशिला लपवून लावतात. ओळख उघडपणें सांगतां येते. परीक्षा एवढीच : जें सांगितलें तें चारचौघांत सांगतां येईल काय, आणि तीच वार्ता दुसऱ्या गरजवंतासहि आपण देऊं काय ? या दोन्ही प्रश्नांस "होय" असें उत्तर येत असेल तर संकोचाचें कारण नाहीं. विचारावयास लाजणें हा कांहीं सद्गुण नव्हे. पुष्कळ चांगलीं मुलें केवळ भिडेपायीं मागें राहतात.

विद्यार्थ्यांस

विद्यार्थिमित्रहो, आतां तुम्हांस करतां येण्याजोग्या कांहीं गोष्टी सांगतों. एक वही करा. तिला वार्तेची वही म्हणा. येत्या सुटींत निरनिराळें काम करणाऱ्या तीन माणसांस भेटा. त्यांत एक तरी आपल्या नात्यांतील व जातींतील नसावा. प्रत्येकास चार प्रश्न विचारा : आपण काय शिकलांत ? हें काम आपणांस कसें कळलें ? पहिलें वर्ष कसें गेलें ? आज माझ्या वयाचे असतांत तर काय शिकलां असतां ? उत्तरें त्याच दिवशीं उतरून ठेवा. विचारल्यावर बहुतेक माणसें आनंदानें सांगतात, असा आमचा अनुभव आहे.

दुसरें, आपल्या स्थानकापासून विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासावर तासाभरांत जेथें पोहोंचतां येतें अशा शिक्षणसंस्थांची यादी करा, व त्यांपैकीं दोन-तीन प्रत्यक्ष पाहून या. पाहिलेली जागा परकी वाटत नाहीं. तिसरें, वाचनालयाचे सभासद व्हा. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या १९२३ पासून चालत आलेल्या संस्था आपल्या उपनगरांत आहेत. तेथें पुस्तकाबरोबर पुस्तक वाचणारीं माणसेंहि भेटतात. चौथें, आपल्या कामाचा पुरावा जपा. प्रयोगवही, चित्रें, दुरुस्त केलेलें यंत्र, स्नेहसंमेलनांत सांभाळलेलें काम, हें सर्व नीट लिहून ठेवा. अदिस अबाबाच्या तरुणांस जें कामास आलें तें तुम्हांसहि येईल.

पालकांस

पालकांस आमची नम्र विनंती आहे कीं, "आमच्या घरांत कोणी शिकलें नाहीं, आम्हांस काय कळणार ?" असें म्हणून मागें राहूं नये. आपण शाळेंत येऊन विचारलें, एवढ्यानेंच मुलाचें अर्धें काम होतें. मुलीस नवीन संस्थेंत जावयाचें असेल तर पहिले दोन-चार दिवस तिच्याबरोबर जा, गाडी व फलाट दाखवा, आणि मग तिच्यावर विश्वास टाका. ज्या मुलास हाताचें काम आवडतें त्यास तें हलकें आहे असें सांगूं नका. आणि निकालाच्या दिवशीं घरांत राग असेल तर तो एक दिवस आंवरून धरा. त्या दिवशीं तुटलेला मुलगा पुढें कोणाचीहि वार्ता ऐकत नाहीं.

माजी विद्यार्थ्यांस

शेवटीं या शाळेंतून गेलेल्यांस. गांवकीच्या खोलींत राहून पुढें आलेला माणूस गांवच्या पुढच्या मुलासाठीं खोलींत जागा ठेवीत असे. शाळा ही देखील एक गांवकीच आहे, आणि तिच्यांत जात, भाषा व नातें यांची अट नाहीं. आपण जेथें काम करतां तेथील वार्ता वर्षांतून एकदां येऊन वर्गांत सांगा. सुतार असा, परिचारिका असा, बँकेंत असा, मोटार चालवीत असा. आपलें पहिलें वर्ष कसें गेलें हें दहावीच्या मुलांस ऐकावयाचें आहे. तेवढ्यासाठीं भाषण तयार करण्याचें कारण नाहीं.

तात्पर्य हें कीं, हुशारी सर्व वस्त्यांत सारखीच उगवते; तिला पाणी मात्र सारखें मिळत नाहीं. रूळ टाकणें, संस्था काढणें हीं मोठ्यांचीं व सरकारचीं कामें आहेत, व तीं कांहीं अंशीं झालीं आहेत. परंतु कळलेली वार्ता शेजारच्या बांकापर्यंत पोहोंचविणें हें काम आपल्यांपैकीं प्रत्येकास उद्यां सकाळींच करतां येईल. तें करावें, एवढीच आमची सर्वांस विनंती आहे.